कोट खुंटीलाच होता

हमीदा, तुझ्या चालिसाव्याला अजून बारा दिवस आहेत आणि मी तुझ्याशी भांडायला बसले आहे. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. गल्लीत सध्या सगळे तेच करतायत. तू किती मायाळू होतीस, तुझ्या हातच्या ब्लाउजची शिवण कधी उसवली नाही, वगैरे. यातलं दुसरं तर सपशेल खोटं आहे. माझ्या निळ्या ब्लाउजची बाही तू दोनदा उलटी जोडलीस आणि दोन्ही वेळा माझा दंडच वाकडा आहे हे मला पटवायला निघालीस. मायाळूपणाबद्दल मी इतक्यात बोलत नाही. त्याच नावाखाली तू मला अकरा वर्षं फसवलंस, आणि ते मला कळलं तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी.

आपली घरं मूल गावी, एकाच भिंतीची. भिंतीच्या या अंगाला मी, जिल्हा परिषदेच्या शाळेतली बाई, लग्न न केलेली. त्या अंगाला तू, तुझं शिलाई मशीन आणि पुढच्या खोलीत रफीकभाऊंचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. रफीकभाऊंचा एक नियम होता. दुरुस्त केलेला सेट सलग चार तास चालल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या घरी जाणार नाही. तलाठ्याचा असो की राइस मिलवाल्याचा, चार तास म्हणजे चार तास. दुपारी दूरदर्शनवर बघण्यासारखं काही नसायचं, कधीकधी तर नुसते ठिपके. त्यामुळे सेट तपासायला कॅसेट लावावी लागायची, आणि तुमच्या घरात कॅसेट होती एकच.

ती जंगलखात्याच्या एका साहेबांची. दुरुस्तीला आलेल्या व्हीसीआरच्या पोटात राहिलेली. साहेबांची अचानक बदली झाली, ते कोकणात गेले आणि व्हीसीआर न्यायला कधी आलेच नाहीत. कॅसेटमध्ये कुणीतरी दूरदर्शनवरून उतरवून घेतलेला जुना मराठी सिनेमा होता, काळापांढरा. उतरवणाऱ्याला बटण दाबायला उशीर झाला असावा, कारण सुरुवातीची नावं नव्हती, आणि त्या सिनेमाचं नाव काय हे आपल्याला अखेरपर्यंत कळलं नाही. शेवटही नव्हता. ऐन शेवटाला चित्र थरथरायचं आणि धानावरच्या खोडकिड्याची माहिती सांगणारे एक गृहस्थ हजर व्हायचे. रफीकभाऊ म्हणाले, चुकून माझ्याच हातानं भलतं बटण दाबल्या गेलं, बाई. मी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं होतं, आठवतं? दुसऱ्यांची यंत्रं दुरुस्त करता आणि स्वतःला बटण कळत नाही, असं काहीबाही बोलले. त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. तू मशीनचं चाक फिरवत राहिलीस.

सिनेमाचा नायक एक वकील. नायक म्हणायचा तो केवळ सगळ्यात जास्त वेळ पडद्यावर असायचा म्हणून. इतका अप्रिय माणूस मी दुसऱ्या कुठल्या सिनेमात पाहिलेला नाही. लोणच्याच्या बरणीला कुलूप लावायचा. जेवताना पाटावर बसून दुसऱ्यांच्या पानातलं मीठ मोजायचा. रणरणत्या उन्हात छत्री मिटून हातात धरायचा, कारण उघडली तर तिचं कापड विटतं. धाकट्या भावाला यानं लहानाचा मोठा केला, आणि भावानं वकिली शिकायचं सोडून सायकलचं दुकान टाकलं म्हणून घराबाहेर काढलं. भावाला मुलगा झाला तेव्हा त्यानं पेढे पाठवले, ते यानं गड्याबरोबर परत पाठवले. पुड्याची दोरीसुद्धा सोडली नव्हती. तिथे तू दर वेळी हातातलं काजं करणं थांबवायचीस आणि म्हणायचीस, "मले हा आदमी बिलकुल पसंत नाई." दर वेळी म्हणजे किती वेळा, देव जाणे. महिन्यात दोनदा तरी आपण तो पाहत असू.

आणि तो दर वेळी वेगळा दिसायचा. पोलीस लाइनमधल्या एका सेटवर त्याचं डोकं खालून आणि पाय वरून यायचे. राइस मिलवाल्याच्या सेटवर तो ढोलासारखा रुंद दिसायचा आणि त्यामुळे जरा प्रेमळ वाटायचा. मास्तरांच्या सेटला तो तीन रंगी प्लॅस्टिकचा कागद लावलेला होता, वर निळा, मध्ये नारिंगी, खाली हिरवा, तेव्हा लोकांना तेवढ्यावर रंगीत टीव्हीची हौस भागवावी लागायची. त्या सेटवर वकील निळ्या डोक्यानं भावावर ओरडला आणि हिरव्या धोतरानं आत निघून गेला. तू हसून हसून सुई बोटात टोचून घेतलीस. रक्त आलं तरी हसत होतीस.

आणि तो ठेकेदार. नवा रंगीत टीव्ही, पहिल्याच उन्हाळ्यात बिघडलेला. तो घ्यायला आला तर पडद्यावर काळापांढरा वकील. म्हणाला, रफीकभाऊ, माझा रंग कुठी गेला? रफीकभाऊंनी समजावलं की सिनेमाच तसा आहे. त्याला पटेना. शेवटी तू त्याला स्टूल दिलंस आणि सांगितलंस की थांबा, शेवटी शेवटी रंग येते. बिचारा तासभर बसला. खोडकिड्यावाले गृहस्थ आले तेव्हा त्यांच्यामागचं धानाचं शेत हिरवंगार दिसलं आणि तो माणूस समाधानानं टीव्ही उचलून घेऊन गेला. एरवी त्या शेवटावर मी चिडायची, त्या दिवशी मात्र मीही हसले. माझं हसणं किती दुर्मीळ होतं हे तू गल्लीभर सांगितलंस.

मी वकिलाची बाजू घ्यायची. तेच आपलं भांडण. भावाला वाढवलं कुणी? यानं. शिकवलं कुणी? यानं. मग एवढा मोठा निर्णय घेताना एका शब्दानं विचारायचं नाही? लोणच्याच्या कुलपाचं समर्थन मी कधी केलं नाही, पण भावाच्या बाबतीत तो चुकला असं म्हणायला माझी जीभ वळायची नाही. तू वाद घालायचीस वकिलाबद्दल आणि बघायचीस माझ्याकडे. मला ते दिसायचं. मी वह्या तपासण्याचं निमित्त करून मान खाली घालायची.

विनायकबद्दल आपण दोघी सरळ कधी बोललोच नाही. आई-वडील गेले तेव्हा तो पाच वर्षांचा होता आणि मी एकवीसची. त्याचं सगळं मी केलं, आणि ते मी त्याला दिवसातून एकदा तरी ऐकवलंही, हे आता लपवून काय उपयोग. त्याला पोस्टात नोकरी लागली, सिरोंच्याला. इथून दिवसभराचा रस्ता, जंगलातून, पार गोदावरीच्या काठी. मी आरमोरीच्या माझ्या मैत्रिणीला शब्द दिला होता, तिची मुलगी आमच्याकडे येणार म्हणून. साडीसुद्धा घेऊन झाली होती. आणि विनायकचं कार्ड आलं. पद्मा नावाच्या मुलीशी लग्न केलं, घरी तेलुगू बोलतात, आशीर्वाद दे. चार ओळी. मैत्रिणीच्या घरी जाऊन मला काय तोंड घेऊन सांगावं लागलं ते मलाच ठाऊक. परत आले आणि त्याला दोन ओळींचं उत्तर लिहिलं. त्यातली दुसरी ओळ होती, माझ्या दारात पाय ठेवू नकोस.

तरी तो आला. पुढच्याच दिवाळीत, भाऊबिजेला, बायकोला घेऊन. ओट्यावर उभा राहून त्यानं हाक मारली. मी आत होते. चूल पेटलेली होती, धूर बाहेर जात होता, मी घरात आहे हे कुणालाही कळत होतं. मी कडी काढली नाही. तो अर्धा तास उभा होता, मी घड्याळाकडे बघत बसले होते म्हणून मला माहीत आहे. मग तुझ्या दाराचा आवाज आला. तू त्यांना आत नेलंस, जेवायला घातलंस. भिंतीतून मला ताटांचा आवाज ऐकू येत होता. दुसऱ्या दिवशी तू विहिरीवर मला एवढंच म्हणालीस की पोरगा रडत होता. मी तुझ्याशी आठ दिवस बोलले नाही. गल्लीत मला कारलं म्हणायचे हे मला माहीत होतं. तुपात तळा नाहीतर साखरेत घोळा, कडू ते कडूच. त्या आठ दिवसांत ते नाव मला शोभून दिसलं असणार.

नवव्या दिवशी तू भिंतीवरून हाक मारलीस. बाई, एक पुराना सिनेमा आला आहे, या पाहायले. जणू काही झालंच नव्हतं. मी गेले. पहिल्यांदा वकील पाहिला तो तेव्हा.

सिनेमा जिथे तुटायचा ती जागा मला तोंडपाठ आहे. दुपार. गडी अंगणात झोपलेला. वकील आरामखुर्चीत बसला आहे आणि मांडीवर भावाचं पत्र. किती वेळ बसून राहतो. मग उठतो, कोपऱ्यातली छत्री उचलतो, दाराकडे दोन पावलं टाकतो. आणि खोडकिडा. तू म्हणायचीस, तो भावाकडे चालला आहे. मी म्हणायची, कोर्टात चालला आहे, हातात छत्री घेऊन हा माणूस दुसरं कुठे जातो? पहिल्याप्रथम हा वाद नुसता वेळ घालवायला होता. पुढेपुढे मी तावातावानं बोलायला लागले. भावानं यावं, म्हणायची. धाकट्यानं यायचं असतं. मोठ्यानं उठून गेलं तर मोठेपणा राहिला कुठे? तू एकदा शांतपणे म्हणालीस, "आला होता की बाई. अर्धा घंटा." मी वह्या उचलून घरी आले.

पण दोन दिवसांनी परत गेले. जाणार कुठे?

आणि मग तुला तो कोट दिसला. कितवी खेप होती कोण जाणे. शाळेच्या सेटवर, चित्र अगदी लख्ख होतं त्या सेटचं. वकील उठला, छत्री उचलली, आणि तू माझ्या हातावर हात ठेवलास. "कोट पाहा, बाई. कोट खुंटीलेच आहे. कोट नाई घातला तं कोर्टात काऊन जाईन?" मी म्हटलं, असं काही नाही, दिसलंच नाही मला. तू रिमोट नसलेल्या त्या व्हीसीआरशी झटापट करून ती जागा परत आणलीस. दाराशेजारच्या खुंटीला काळा कोट टांगलेला होता. वकील त्याच्याजवळून गेला आणि त्यानं त्याच्याकडे पाहिलंही नाही. मी म्हटलं, तुझ्या चहाला आज साखर कमी आहे. तू उठून साखरेचा डबा आणलास.

त्या रात्री नीट झोप लागली नाही हे मी तुला कधी सांगितलं नाही. एवढ्या वेळा पाहून मला जो कोट दिसला नव्हता तो तुला कसा दिसला, याचाच मला राग येत होता. तीस वर्षं मुलांना म्हटलं, डोळे उघडे ठेवून वाचा. तुझी शाळा चौथीपर्यंतची.

वर्षं अशीच गेली. केबल आली, सीडी आली, दुरुस्तीला सेट कमी यायला लागले, लोक जुना टाकून नवाच घ्यायचे. मी निवृत्त झाले. आता सेट नसला तरी आपण तुमच्या स्वतःच्या टीव्हीवर वकील लावायचो. चार तासांचं निमित्त केव्हाच संपलं होतं. विनायकची पत्रं पहिली काही वर्षं यायची. मी पेढ्यांसारखी परत पाठवत नव्हते, ठेवून द्यायची, पण उत्तर दिलं नाही. मग तीही थांबली. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ते खरं आहे. मला तर शेवटी शेवटी सुंभ कशाचा होता तेही आठवत नव्हतं. नुसता पीळ होता.

या वर्षी तुझा दमा वाढला. शेवटचा आठवडा मी रोज दुपारी तुझ्याजवळ बसत होते. बोलायला तुला त्रास व्हायचा म्हणून मीच बोलायची, आणि माझं बोलणं म्हणजे काय, दूधवाला पाणी घालतो आणि नव्या बाईंना शुद्धलेखन येत नाही. मंगळवारी तू मला थांबवलंस. म्हणालीस, "सिरोंच्याले जाऊन या, बाई. नदी कशी आहे ते मले येऊन सांगा." नदीशी तुला काही देणंघेणं नव्हतं. मला कळलं होतं तू काय म्हणतेयस. मी म्हटलं, तू आधी बरी हो, मग बघू. तू डोळे मिटलेस. मला वाटलं तुला झोप आली.

गुरुवारी तू गेलीस. बायकांनी तुला आंघोळ घातली तेव्हा मी दाराबाहेर बसले होते, मग मला आत बोलावून तुझा चेहरा दाखवला. तुला नेताना सगळे पुरुष गेले. तुमच्यात बायका कबरस्तानात जात नाहीत हे मला ठाऊक होतं, तरी पाय त्यांच्यामागे निघाले. राइस मिलच्या कोपऱ्यापर्यंत आले आणि थांबले. धानाचा भुसा उडत होता, डोळ्यात जात होता. माणसं दिसेनाशी झाली तशी परत फिरले. घरी आले, कुलूप उघडलं, आणि भिंतीपलीकडून मशीनचा आवाज येत नाही हे मला पहिल्यांदा ऐकू आलं. मला माहीत नव्हतं की मी बावीस वर्षं तो आवाज ऐकत होते. दुपारी तीनला मी सवयीनं वह्यांचा गठ्ठा शोधायला लागले. वह्या नाहीत, नोकरी नाही, तू नाहीस. मी खाटेवर बसून राहिले आणि संध्याकाळी दिवा लावायलाही उठले नाही.

तिसऱ्या दिवशी जियारत होती, तुझ्यासाठी दुआ मागायला सगळे जमले होते. लोक पांगल्यावर रफीकभाऊ पुढच्या खोलीत एकटेच बसले होते, त्यांच्या त्या उघड्या सेटांच्या मध्ये. मी जवळ जाऊन बसले. आपलं काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, भाऊ, त्या वकिलाचं शेवटी काय झालं ते राहूनच गेलं पहा. तुमच्या त्या बटणामुळे.

त्यांनी समोरच्या उघड्या सेटवर झाकण ठेवलं. मग म्हणाले, "बटण मी चुकून नाई दाबलं, बाई. तिनं दाबाले लावलं."

मग त्यांनी सांगितलं. कॅसेट आली तेव्हा ते कामासाठी आरमोरीला गेले होते. तू सेट लावून ठेवला होतास आणि सिनेमा एकटीनं पूर्ण पाहिलास, शेवटापर्यंत. ते आले तर तू स्वयंपाक न करता बसलेली. त्यांना म्हणालीस, शेवटचा भाग पुसून टाका, त्याच्यावर काहीही उतरवा. ते म्हणाले, दुसऱ्याची कॅसेट आहे. तू ऐकेनास. ती भाऊबिजेनंतरची गोष्ट होती, मी तुझ्याशी बोलत नव्हते त्या आठ दिवसांतली.

मी विचारलं, शेवट काय होता?

"छत्री घेऊन दारापर्यंत येते तो," रफीकभाऊ म्हणाले. "उंबऱ्यात उभा रायते. मंग परत जाऊन खुर्चीत बसते. अन् मंग दाखवलं का गावातले लोक दार तोडून राह्यले. तो खुर्चीतच गेलेला. ती म्हणे, बाई जिद्दी आहे. त्यानं केलं तसंच करन. त्याले उठताना पाहू द्या, बस, तेवढंच पाहू द्या."

हमीदा, मला तुझा इतका राग आला की मी रडलेही नाही. उठून घरी आले. अकरा वर्षं. महिन्यात दोनदा. तुला माहीत होतं तो कुठेही गेला नाही. माझंच म्हणणं जवळपास खरं होतं, आणि तू माझ्यासमोर बसून, काजं करत, त्या कोटाचा पुरावा दाखवून, तो भावाकडे चालला आहे असं सांगत होतीस. एकदाही तुझा चेहरा हलला नाही. तुला तो माणूस बिलकुल पसंत नव्हता, आणि तरी दर वेळी तू त्याला खुर्चीतून उठवत होतीस. मी किती वेळा म्हटलं असेन की हमीदा भोळी आहे, तिला सिनेमातलं काही कळत नाही.

राग दोन दिवस टिकला. मग काय झालं ते सांगते, आणि ते फक्त तुलाच सांगते, रफीकभाऊंनाही सांगितलेलं नाही. मी पिशवी भरली, कुलूप लावलं आणि बसस्टँडवर गेले. सिरोंच्याच्या वाटेवरच्या आलापल्लीला जाणारी गाडी लागली होती. मी चढले, जागा मिळाली, बसले. कंडक्टरनं विचारलं कुठे, आणि माझ्या तोंडून आवाज निघेना. अकरा वर्षांनी जाऊन काय सांगू? त्यानं कडी नाही काढली तर? आणि त्यानं काढावी तरी का? मी पिशवी उचलून उतरले आणि चालत घरी आले. कुलूप काढलं. पंखा लावला. खुर्चीत बसले.

किती वेळ बसले होते माहीत नाही. दुपार होती. गल्लीत कुणी नव्हतं. आणि मला एकदम कळलं की मी कुठे बसले आहे. तू जो भाग पुसून टाकला होतास त्या भागात मी बसले होते, आणि आता भिंतीपलीकडून हाक मारायला कुणी नव्हतं. मला भीती वाटली, हमीदा. माझ्या आयुष्यात मी इतकी कधी घाबरले नव्हते. मी पंखा बंद केला. दुसऱ्या दिवशी पहाटेची पहिली गाडी पकडली, आणि कंडक्टर यायच्या आधीच सुटे पैसे हातात घेऊन सिरोंचा सिरोंचा म्हणत बसले. शेजारची बाई माझ्याकडे पाहायला लागली.

आलापल्लीला गाडी बदलली. तिथून पुढे सागाचं जंगल संपतच नाही. मी मनात वाक्यं जुळवत होते. मोठी मी आहे. चूक दोघांची होती. झालं गेलं विसरू या. सगळी वाक्यं निबंधाच्या वहीतली वाटत होती, आणि अशा वाक्यांना मी स्वतः लाल रेघ मारली असती. सिरोंच्याला उतरले तेव्हा दुपार कलली होती. पोस्टाच्या मागे घर आहे असं एकानं सांगितलं. नदी दिसली, मोठी आहे, पलीकडचा काठ धूसर. तू विचारलं होतंस म्हणून पाहून घेतली.

दार पद्मानं उघडलं. तिनं आधी तेलुगूत काहीतरी विचारलं, कोण म्हणून असावं. मग माझा चेहरा नीट पाहिला आणि आत वळून नवऱ्याला हाक मारली. विनायक बाहेर आला. त्याचे सगळे केस पांढरे झालेत, हमीदा. त्रेचाळिशीच्या माणसाचे. चष्मा लागला आहे. तो दारात उभा राहिला, आणि मी दिवसभर जुळवलेलं एकही वाक्य मला सापडेना.

मी म्हटलं, "विनू, हमीदा गेली."

तो तिथेच उंबऱ्यावर खाली बसला. कधी, म्हणाला. मी सांगितलं. त्यानं चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं डोळे पुसले. त्या भाऊबिजेला तुझ्या घरी जेवला होता ना तो, ते जेवण त्याला अजून आठवत असणार. मग त्यानं वर पाहिलं, माझ्या मागे रस्त्याकडे, माझ्याबरोबर आणखी कुणी आहे का ते.

"एवढ्या दूर एकटीच आली, ताई?"

"हो," मी म्हटलं. "आता एकटीच आहे रे मी."

बावीस वर्षं तू भिंतीपलीकडे होतीस आणि हे वाक्य मी तुला कधी म्हटलं नाही. तू होतीस तोवर ते खरंच नव्हतं.